पोट बरं नसतं म्हणून

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, 'यंदा मेळाव्याला यायचं जमेलसं वाटत नाही, पोट बरं नसतं,' आणि लगेच उसाच्या दरावर घसरलास. मी तेव्हा गप्प बसलो, कारण वहिनी शेजारीच असतील असं वाटलं. पण ते 'पोट बरं नसतं' माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. आमच्या अण्णांनी ते दोन वर्षं चालवलं. म्हणून पत्र लिहितोय. हे तोंडानं बोलायला मलाही जड जातं.

तुला आठवत असेल, अण्णा पहाटे गणपतीच्या देवळात जायचे आणि तिथून आयर्विन पुलावर जाऊन कृष्णेचं पाणी बघत उभे राहायचे. आधी पूल सुटला, मग देऊळ. मग लग्नकार्यं. 'तुम्ही जा, मी घर सांभाळतो.' आम्ही म्हटलं, वय झालं, आई गेल्यापासून मन लागत नाही. आपण माणसं कारणं किती पटकन शोधतो बघ. एक दिवस हिनं विचारलं, 'अहो, अण्णा पहाटे साडेचारला उठून स्वतःचं धोतर का धुतात?'

मग हळूहळू बाहेर आलं. कपडे खराब व्हायचे, कळायचंही नाही. पातळ व्हायचं म्हणून जवळच्या दवाखान्यात जुलाब बंद व्हायच्या गोळ्या दिल्या. त्यांनी पोट फुगलं, खाणं तुटलं आणि धोतर काही वाचलं नाही. शेवटी मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटानं तपासलं. दोन मिनिटांचं काम, पण दोन वर्षांत कुणी केलं नव्हतं. म्हणाले, 'यांना जुलाब नाहीत. बद्धकोष्ठ आहे.'

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तर प्रकार असा, की घट्ट मळाचा गोळा गुदाशयात अडकून बसतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेकडेनं झिरपतं. ओढ्यात दरड कोसळली तरी पाणी बाजूनं वाट काढतंच ना, तसं. ताणून ताणून तिथली जाणीव बोथट होते, त्यामुळे माणसाला कळतही नाही. म्हाताऱ्या माणसांत हे पुष्कळ दिसतं म्हणे, आणि घरचे त्याला जुलाब समजून बसतात.

मग त्यांनी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. गुडघ्यांसाठी ट्रामाडॉल, रक्तासाठी लोहाची गोळी, हाडांसाठी कॅल्शियम. तिन्ही डॉक्टर वेगळे, तिन्ही गोळ्या आतडं मंद करणाऱ्या किंवा मळ घट्ट करणाऱ्या. त्यात रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून अण्णांनी पाणी तोडलेलं. वर इसबगोल घोटभर पाण्याबरोबर! इसबगोल पाणी शोषून फुगतं. पाणीच नसेल तर ते उलट अडकतं. आणि गुडघ्यांसाठी मी हौसेनं बसवून दिलेला कमोड. त्यावर अण्णांचे पाय लोंबकळायचे. जन्मभर उकिडवं बसलेला माणूस तो. उकिडवं बसलं की गुदाशयाला बाक देऊन धरणारा स्नायू सैल पडतो, वाट सरळ होते. आता पायाखाली देवघरातला जुना पाट असतो. आधी एनिमा, मग मळ मऊ करणारं लॅक्टुलोजचं सिरप, ट्रामाडॉल बंद, आणि सकाळी चहा-नाश्ता झाला की पंधरा मिनिटं जाऊन बसायचं, ओढ असो वा नसो. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपसूक हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. दीड महिन्यानं अण्णा पुन्हा पुलावर.

डॉक्टरांनी एक तक्ता दाखवला होता. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी केलेला, मळाचे ७ प्रकार, चित्रांसकट. १ म्हणजे शेळीच्या लेंड्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी. ३-४ असेल तर उत्तम. 'तुमचं कोणतं?' विचारल्यावर अण्णा चष्मा पुसत म्हणाले, 'एवढी विद्या यांनी कशात घातली!' पण बोट बरोबर १ नंबरवर ठेवलं. रोज झालंच पाहिजे असंही नाही, हे मला तिथंच कळलं. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं चालतं. त्याहून कमी, किंवा कुंथावं लागणं, खडा होणं, जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, असं महिनोन् महिने चाललं तर दुखणं समजायचं. मी उगाचच वीस वर्षं रात्री चूर्ण फाकत होतो.

आता खरं सांगायचं ते. अण्णांचं सगळं झाल्यावर एका रात्री ही म्हणाली, 'मलाही थोरल्याच्या वेळेपासून घाई झाली की आवरत नाही.' थोरला आता एकतीस वर्षांचा आहे, दिन्या. चिमटा लावून बाळंतपण झालं होतं, फाटलं होतं, टाके पडले होते. लांबच्या एसटीच्या आदल्या दिवशी ती जेवायची नाही. मी समजायचो उपास आहे. 'सांगितलं का नाहीस?' म्हटलं तर म्हणाली, 'काय सांगायचं होतं त्यात?' (हे लिहायला तिची परवानगी घेतलीय.) आता ती मिरजेलाच फिजिओथेरपीला जाते, खालचे स्नायू आवळून धरायचे व्यायाम करते. पुष्कळ फरक आहे.

आपल्याच जिल्ह्यातले आर. आर. आबा. त्यांनी २००० साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा गावोगाव संडासावर सभा झाल्या, चावडीवर चर्चा झाली. खोली बांधण्याबद्दल आपण मोकळे झालो. आत बसल्यावर काय होतं, ते अजून कुणी काढत नाही.

तर आता तुझं. तुझी साखर दहा वर्षांची. तू मेटफॉर्मिन घेतोस, हे मला माहीत आहे. त्या गोळीनं कित्येकांना पातळ होतं आणि एकदम घाई लागते. डॉक्टर डोस बदलून किंवा हळूहळू विरघळणारी गोळी देऊन बघतात. तू आपल्या मनानं बंद मात्र करू नकोस. जुन्या साखरेनं आतड्याच्या नसाही बिघडतात, बद्धकोष्ठ आणि जुलाब आलटून पालटून होतात. थायरॉईड मंदावलं तरी बद्धकोष्ठ होतं, तेही बघून घे. पण तीन गोष्टी मला खरं सांग: रक्त पडतं का? वजन उतरलंय का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? यातलं एक जरी असेल तर याच आठवड्यात दाखव, आणि दुर्बीण घालून बघू म्हणाले तर नाही म्हणू नकोस. आपण साठीला आलो. रक्त दिसलं की मूळव्याध ठरवून पाटीवाल्या वैदूकडे जाण्यात आमच्या थोरल्या काकांनी आठ महिने घालवले. आतड्याचा कॅन्सर निघाला. बाकी तुला सांगायला नको.

डॉक्टरला 'पोट बरं नसतं' सांगू नकोस. किती वेळा, कसं, कपडे खराब होतात का, सगळं सांग. लाज वाटली तर कागदावर लिहून पुढं सरकव. अण्णांनी तेच केलं होतं, पेन्सिलीनं.

मेळावा अजून पाच आठवडे लांब आहे. साताऱ्याहून सकाळची एसटी घे, ती कराडला थांबते. पुढची, दाराजवळची सीट धर. मी स्टँडवर स्कूटर घेऊन येतो, घर पाच मिनिटांवर आहे. हॉल काल बघून आलो. मागच्या अंगाला दोन संडास आहेत, एक भारतीय, एक कमोडचा. दोन्हीच्या कड्या लागतात. खुर्च्या मांडताना तुझी मी त्या दाराजवळ ठेवणार आहे, माझी शेजारी.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पद्या