स्टॅटिक आयपी विकता, तर पीटीआर नोंदही करून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इचलकरंजीतल्या एका सहकारी पतसंस्थेचा संगणक विभाग मी सांभाळते. आमचा मेल सर्व्हर आमच्याच इमारतीत आहे. ठेवींच्या मुदतीची पत्रे, हप्त्यांच्या आठवणी, वार्षिक सभेचा अहवाल, सगळे त्यावरूनच जाते. यंदा सभेच्या तोंडावर इंटरनेटची लाइन बदलली, नव्या कंपनीकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा आकडी पत्ता) घेतला, आणि जीमेलवरच्या सभासदांना पाठवलेले मेल परत येऊ लागले. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. शेवटी अहवाल छापून पोस्टाने पाठवावे लागले.

परत आलेल्या मेलमध्ये कारण स्पष्ट लिहिलेले होते: ५५०-५.७.२५, पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर नोंद नाही. पीटीआर म्हणजे रिव्हर्स डीएनएसची नोंद, आयपीवरून नाव सांगणारी. मेल घेणारा सर्व्हर आधी समोरच्या आयपीचे नाव विचारतो, मग त्या नावाचा आयपी काढतो आणि दोन्ही जुळतात का ते पाहतो. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या सगळ्यांकडून ही नोंद मागितली आहे. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना आणखी नियम आहेत, पण हा नियम दहा मेल पाठवणाऱ्यालाही लागू आहे.

घोळ होतो तो ही नोंद कुणी करायची यावरून. समजा आयपी २०३.०.११३.२५ आहे. नाव शोधताना आकडे उलटे होतात आणि विचारणा जाते ती २५.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा या नावाची. त्या नावाचा कारभार ज्या इंटरनेट कंपनीकडे आयपींचा तो गट आहे तिच्याकडे असतो, डोमेन (संस्थेचे इंटरनेटवरचे नाव) विकणाऱ्याकडे नाही. जमीन कोणीही कसो, सातबाऱ्यावर नोंद घालायला तलाठ्याकडेच जावे लागते, तसेच हे. काही डोमेन पॅनेलमध्ये पीटीआर भरायची जागा असते, भरले की सेव्हही होते. पण जगातला कोणताही मेल सर्व्हर तिथे विचारायला येत नाही.

हे सगळे मी कंपनीच्या कस्टमर केअरला सांगितले. त्यांनी आधी राउटर बंद करून चालू करायला लावला, मग स्पीड बरोबर येतो का विचारले, आणि 'मॅडम, मेलचा प्रॉब्लेम आहे, डोमेनवाल्यांशी बोला' म्हणून टिकेट बंद केले. एनएसलुकअप या डीएनएसच्या नोंदी दाखवणाऱ्या संगणकातल्या आज्ञेचा स्क्रीनशॉट जोडून पुन्हा तक्रार केली, तीही न वाचता बंद झाली. अखेर ओळखीतून त्यांच्या नेटवर्क विभागातला एक अभियंता सापडला. त्यांना आयपी आणि सर्व्हरचे नाव कळवले, त्यांनी एक ओळ भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेल जाऊ लागले. त्या भल्या माणसाचे आभार. पण ज्या शाळेची, छोट्या रुग्णालयाची किंवा कारखान्याची अशी ओळख नाही, त्यांनी काय करायचे? तिथला संगणकवाला बिचारा एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते सांगणारी नोंद) बदलून पाहतो, अँटिव्हायरस काढून पाहतो, बोलणी खातो. आणि मग संस्था स्वतःचा सर्व्हर बंद करून सभासदांची आर्थिक माहिती कुणाच्या तरी फुकटच्या खात्यावरून पाठवू लागते. याचे मला फार वाईट वाटते.

अशा अडचणीत असलेल्यांनी संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप (nslookup) लिहून पुढे आपला आयपी टाकून पाहावा. मेल ज्या आयपीवरून बाहेर पडतो तोच टाकावा, कारण फायरवॉलमागे तो वेगळा असू शकतो. उत्तरात आकड्यांनी भरलेले कंपनीचे ठोकळेबाज नाव आले, तरी ते बदलून आपल्या मेल सर्व्हरचे नाव लावून घ्यावे. लाइनवर आयपीव्ही६ (आयपीचा नवा, लांब प्रकार) चालू असेल तर त्याचीही वेगळी नोंद लागते. बऱ्याच ठिकाणी ती राहून जाते आणि काही मेल जातात, काही परत येतात.

इंटरनेट कंपन्यांनी स्टॅटिक आयपीच्या अर्जातच 'मेल सर्व्हर चालवणार का? असल्यास त्याचे नाव' असा रकाना ठेवावा, आणि कस्टमर केअरच्या यादीत पीटीआर हा तक्रारीचा वेगळा प्रकार घालावा. ट्रायने व्यावसायिक जोडण्यांसाठी या नोंदीची मुदत ठरवून द्यावी. दोन कामकाजाचे दिवस पुष्कळ झाले.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी