पडद्याचा पहिला हुकूम पुरुषांना

संपादक महोदय,

पडद्यावर चर्चा निघाली की ती बुरख्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कुरआनातला क्रम वेगळा आहे. सूरह नूर या अध्यायाची ३०वी आयत (वचन) मोमीन म्हणजे श्रद्धावान पुरुषांना नजर खाली ठेवायला आणि शील जपायला सांगते. स्त्रियांना तोच हुकूम, ओढणी छातीवर घेण्याच्या तपशिलासह, त्यानंतर ३१व्या आयतीत येतो. जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) बयानात, म्हणजे प्रवचनात, मात्र ३१वी जास्त ऐकू येते.

नजर खाली म्हणजे जमिनीला डोळे लावून चालणे नव्हे. दादरच्या पुलावर कुणी तसे चालले तर दहा जणांना धडकेल. अवचित नजर पडली तर काय करावे, असे पैगंबरांचे सोबती जरीर इब्न अब्दुल्लाह यांनी विचारले तेव्हा पैगंबरांनी नजर वळवायला सांगितले. हजरत अलींना सांगितले की पहिली नजर माफ, तिच्यामागून दुसरी टाकू नकोस. म्हणजे दिसण्यात दोष नाही. रेंगाळण्यात, पुन्हा वळून पाहण्यात आहे. मोबाइलवर ही दुसरी नजर अंगठ्याने टाकली जाते, एवढाच फरक. उपचार, साक्ष, लग्नाआधी मुलगी पाहणे यांना फिकहमध्ये (इस्लामी धर्मकायद्यात) गरजेपुरती मुभा आहे. काही जण मात्र बँकेच्या खिडकीतल्या बाईंनी काही विचारले तर भिंतीकडे पाहत तुटक उत्तर देतात आणि त्याला हया, म्हणजे लज्जा, म्हणतात. तो निव्वळ उद्धटपणा झाला.

नाक्यावर बसणाऱ्यांसाठीही हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, आहे. रस्त्यात बसू नका, असे पैगंबर म्हणाले. आम्हाला बोलायला दुसरी जागा नाही, असे सोबती म्हणाले. मग रस्त्याचा हक्क द्या, असे उत्तर आले: नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, भल्याचे सांगणे, बुऱ्यापासून रोखणे. यादीत नजर पहिली आहे.

पण रोखायचे कुणाला? अखेरच्या हजमध्ये, कुर्बानीच्या दिवशी, तरुण फझल इब्न अब्बास पैगंबरांच्या मागे उंटावर बसले होते. खसअम कबिल्यातली एक स्त्री मसला (धर्माविषयीचा प्रश्न) विचारायला आली: वडील म्हातारे आहेत, वाहनावर बसवत नाही, त्यांच्या वतीने मी हज करू का? फझल तिच्याकडे पाहू लागले. पैगंबरांनी हाताने त्यांचे तोंड दुसरीकडे फिरवले आणि तिला ‘हो’ म्हणून उत्तर दिले. रस्त्यात अनोळखी मुलीला ओढणीवरून बोल लावणाऱ्यांनी हा प्रसंग नीट वाचावा.

पुरुषाच्या पोशाखाचे तर कुणी नावच काढत नाही. त्याचा सतर, म्हणजे झाकायचाच भाग, बेंबीपासून गुडघ्यापर्यंत. हनफी पंथाचा असो वा आपल्या कोकणातला शाफई पंथाचा, दोघांनाही. आखूड शर्ट आणि खाली घसरणारी जीन्स असली की सजद्यात (नमाजात कपाळ टेकताना) कंबर पाठीमागून उघडी पडते, तेही नमाजाच्या रांगेत, भर जमातीत. मशिदीच्या कमिट्यांनी फलक लावायचाच असेल तर आधी पुरुषांच्या दाराशी लावावा.

– एक वाचक, रत्नागिरी