बावीस की एकोणचाळीस?

आरमोरी,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुरेश,

तुझा मेल परवाच मिळाला. नायजेरियातल्या २०२१ च्या हिवताप सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या किती मुलांना लागण आहे याचे दोन आकडे तुला एकाच कागदावर दिसले, एक २२ टक्के आणि दुसरा ३९ टक्के, आणि तू विचारतोस, ‘यातला खोटारडा कोण ते सांग, तू जन्मभर रक्तच बघत बसलास.’ खोटारडा कोणीच नाही रे. पण एवढ्यावर तुझं भागणार नाही हे मला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून आज सवड काढून बसलोय. बाहेर पाऊस उघडलाय, धान पिवळं पडायला लागलंय, आणि निवृत्त माणसाला दुसरं काम काय!

आधी माझीच एक गोष्ट सांगतो, तुला कधी सांगितली नव्हती. गडचिरोलीतल्या आतल्या भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो तेव्हाची. वर्षाला लोकसंख्येच्या निदान दहा टक्के लोकांचं रक्त तपासायचं, असं उद्दिष्ट असतं. महिनाअखेर आली की स्लाइड कमी पडल्याची बोंब. एका फेब्रुवारीत आमच्या एका आरोग्य सेवकाने वीस स्लाइड आणून दिल्या, वेगवेगळ्या घरांतली वीस नावं लिहिलेल्या. जेएसबी या रंगद्रव्याने रंगवल्या, तेल टाकून भिंगाखाली घातल्या. पहिलीत चंद्रकोरी. म्हणजे पीएफ, फॅल्सिपेरम नावाचा हिवतापाचा परजीवी, डासात जायला तयार झालेला. दुसरीत चंद्रकोरी. तिसरीतही. विसाव्या काचेपर्यंत तेच, आणि तितकेच. फेब्रुवारीत, डास नसताना, एका गावात वीसपैकी वीस? मी त्याला चहाला बसवलं आणि नुसतं त्याच्या बोटांकडे बघितलं. डाव्या हाताच्या अनामिकेवर टोचल्याच्या तीन-चार खुणा. गाव लांब, नाला ओलांडायचा, त्याने घरीच बसून स्वतःच्या रक्ताच्या वीस काचा केल्या होत्या.

रागावलो, मग घाबरलो. कारण त्या माणसाला ताप नव्हता. रोज वीस किलोमीटर सायकल मारत होता. दिवाळीच्या सुमारास दोन दिवस अंग दुखलं होतं, एवढंच त्याला आठवलं. आम्ही मोजत होतो तापाचे रुग्ण, आणि आमचाच माणूस हिवताप अंगात घेऊन गावोगाव काचा गोळा करत होता.

तुझ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. आपल्याकडे देशाचा हिवताप मोजायची रीत अशी, की ज्याला ताप आला त्याचं रक्त घ्यायचं, वर्षभरात सापडलेल्यांची संख्या हजार लोकसंख्येमागे किती ते काढायचं. त्याला आम्ही एपीआय म्हणतो. जिथे घरोघर आशाताई जाते, झटपट चाचणीचं किट असतं, तिथे हा आकडा बऱ्यापैकी बोलतो. पण जो आलाच नाही, ज्याने टपरीवरून गोळी घेतली, ज्याला ताप चढलाच नाही, तो त्यात नाही. शिवाय उद्दिष्ट भरायला धडधाकट माणसांची रक्तं घेतली की शेकडा किती काचांत हिवताप निघाला हे प्रमाण आपोआप खाली येतं, आणि वरचे लोक म्हणतात, रोग कमी झाला!

तुमच्या नायजेरियात ही रीत चालणं कठीण. ताप आला की माणूस आधी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जातो, हे तूच लिहिलंयस. त्याची नोंद कोणाच्या रजिस्टरात होणार? म्हणून तिथे उलटं करतात. रुग्ण येण्याची वाटच बघत नाहीत. जनगणनेसाठी पाडलेल्या छोट्या विभागांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही विभाग निवडतात, ३६ राज्यं आणि राजधानी अबुजा सगळीकडून येतील असे. निवडलेल्या विभागातली घरं मोजून त्यातली काही पुन्हा चिठ्ठीने. मग दारात जाऊन आईबापांची परवानगी घेतात आणि सहा महिने ते पाच वर्षांखालच्या मुलाचं बोट टोचतात, ताप असो वा नसो. बाळ अगदी लहान असलं तर टाच. हे ‘ताप असो वा नसो’ फार मोलाचं आहे. माझ्या आरोग्य सेवकासारखे त्यातच सापडतात.

त्या एका टोचण्यातून दोन चाचण्या होतात, आणि तुझे दोन आकडे तिथून येतात. एक थेंब किटवर. पाव तासात रेघ उमटते, मुलाला लागण असेल तर तिथल्या तिथे औषधाची सोय होते. दुसरा थेंब काचेवर, जाड लेप आणि पातळ लेप, तो प्रयोगशाळेत जातो आणि माझ्यासारखा कोणीतरी मान मोडेपर्यंत भिंगातून बघतो. किट परजीवी बघतच नाही. फॅल्सिपेरम जे एचआरपी-२ नावाचं प्रथिन रक्तात सोडतो, ते पकडते. औषधाने परजीवी मेले तरी हे प्रथिन काही आठवडे रक्तात रेंगाळतं. चूल विझली तरी राख गरम असते ना, तसं. म्हणजे किटच्या ३९ मध्ये आज लागण असलेली मुलंही आली आणि नुकतीच बरी झालेलीही. भिंगाच्या २२ मध्ये फक्त ती, ज्यांच्या रक्तात परजीवी डोळ्यांना दिसला. आणि डोळ्यांना सगळेच दिसत नाहीत. थोडेसेच असतील तर काचेवर चुकतात, पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी, केली तर सापडतात. तेव्हा २२ सुद्धा खरी लागण कमीच दाखवतो.

जुने डॉक्टर तर रक्तही घेत नसत. १८४७ साली डेम्प्स्टर नावाच्या डॉक्टरांनी यमुनेच्या कालव्यांकाठच्या गावांत मुलांच्या पोटावर हात ठेवून पाणथरी, म्हणजे प्लीहा, किती जणांची वाढलीय ते मोजलं. परजीवीचा शोध लागायच्या कितीतरी आधी! १९५० साली युगांडातल्या कंपालाच्या परिषदेत याच पाणथरीवरून प्रदेशांची प्रतवारी ठरली, दोन ते नऊ वर्षांच्या शंभर मुलांत पंच्याहत्तरहून जास्त जणांची वाढलेली असेल तर सगळ्यात वरची पायरी. मला ही पद्धत आवडते, सुईही नको, वीजही नको. आमच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा हात इतका तयार होता, की ते पोट चाचपून सांगायचे आणि मी काचेवर तेच बघायचो. नेहमी नाही, पण बरेचदा.

आता तुझी दुसरी शंका, की लागोसमध्ये तीन वर्षं राहून तुला एकही मुलगा हिवतापाने आडवा पडलेला दिसला नाही. बरोबरच आहे. २०१८ च्या सर्वेक्षणात भिंगाखाली लागोस राज्यात २ टक्के मुलं निघाली आणि वायव्येकडच्या केब्बीत ५२ टक्के. देशाचा आकडा २३. म्हणजे ज्या सरासरीवर तू भांडतोयस, तिच्या आसपासचं तुला लागोसमध्ये काही दिसणारच नाही. आपल्याकडेही नाशिकच्या माणसाला भामरागडचा हिवताप कुठे दिसतो?

अजून एक खोच. ही सर्वेक्षणं साधारण पावसाच्या शेवटाला, ऑक्टोबर ते डिसेंबरात करतात. मार्चमध्ये केली असती तर आकडा वेगळा आला असता, म्हणून दोन वर्षांची तुलना करताना महिना आधी बघावा. आणि पाच वर्षांवरच्या शाळकरी मुलांचं रक्त यात घेतच नाहीत. अंगात परजीवी बाळगून हुंदडणारी पोरं त्यांच्यात खूप असतात. मला विचारशील तर ही मोठी त्रुटी. पण लहान मूल मरतं, म्हणून आधी त्याला मोजतात, हेही समजण्यासारखं आहे.

हो, त्या आरोग्य सेवकाचं राहिलंच. रजिस्टरात काय लिहायचं, हा प्रश्न होता. वीसही नावं खोडली आणि खाली त्याचं एकट्याचं नाव लिहिलं, पॉझिटिव्ह. गोळ्या दिल्या. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून नाला ओलांडून त्याच गावात गेलो आणि त्याच वीस जणांची बोटं टोचली. तिघं निघाले. ताप त्यातल्या एकीलाच होता.

तुझा ड्रायव्हर केब्बीचा आहे, असं तू लिहिलंयस, आणि हौसा भाषेत हिवतापाला ‘झाझाबिन चिझोन साउरो’, डास चावल्याचा ताप, असं म्हणतात हेही तूच कळवलंस. त्याला एक विचार माझ्यातर्फे. गावी त्याच्या धाकट्याचं बोट कधी कोणी ताप नसताना टोचून गेलं होतं का, आणि रेघ उमटली होती का.

वहिनींना नमस्कार. स्वतःला ताप आला तर आधी तपासून घे, मग गोळी.

तुझा,
दिगंबर