सूचना: संशोधनाचा डेटा सर्व्हरवर हलवण्याबाबत

विभागातील सर्व संशोधक विद्यार्थी आणि मार्गदर्शकांसाठी,

येत्या शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत आपापला डेटा विभागाच्या सर्व्हरवरील आपल्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये हलवावा. शनिवारी सकाळी ८ ते दुपारी २ देखभालीसाठी सर्व्हर बंद राहील. त्या वेळात प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरून थेट साठवण सुरू ठेवू नये, फाइल अर्धवट राहते.

– घरून काम करताना आधी व्हीपीएन (बाहेरून नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडावे, मगच फोल्डर उघडेल.
– पासवर्ड कुणालाही देऊ नये, गाईडनाही नाही. सहकाऱ्याला फोल्डर हवे असेल तर त्याच्या नावाने परवानगी मागावी. प्रकल्प सोडून गेलेल्यांची नावे मार्गदर्शकांनी याच आठवड्यात कळवावीत.
– मुलाखती, रुग्णांच्या नोंदी, आधार क्रमांक असे काही असेल तर फाइल एन्क्रिप्ट करावी, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करावी. नावे आणि सांकेतिक क्रमांकांची यादी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. यादी आणि नोंदी एकत्र असतील तर नावे लपवून उपयोग काय?

एक गैरसमज दरवर्षी ऐकू येतो: ‘सर्व्हरवर आहे, म्हणजे बॅकअप आहे.’ तसे नसते. चुकून पुसलेली फाइल सर्व्हरवरूनही जाते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात बॅकअपच्याच स्क्रिप्टमधील (आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीतील) चुकीमुळे महासंगणकाच्या साठ्यातला सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. दप्तरातला पेनड्राइव्ह यात धरू नये.

जागा कमी पडत असल्यास गुरुवारपर्यंत संगणक कक्षात सांगावे.

– विभागीय संगणक समिती