घोडीचं माप घेऊन तंग देणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

पोळा आठवड्यावर आलेला, तुमच्यासमोर घुंगरमाळांच्या पट्ट्यांचा ढीग, आणि तरी वेस्टर्न खोगिराच्या एका तंगासाठी, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळून धरणाऱ्या पट्ट्यासाठी, तुम्ही अर्धा दिवस दिला. त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते. तुम्ही जे दाखवलं ते असं खोगीर वापरणाऱ्या सगळ्यांच्याच कामाचं आहे, म्हणून हे पत्र जाहीर लिहितो.

हे खोगीर मुळात अमेरिकेतल्या भरदार छातीच्या घोड्यांसाठी घडलेलं. त्याला ३२-३४ इंचांचा तंग सहज चालतो. आपल्याकडची घोडी अंगानं सडपातळ. तोच तंग तिला लावला की त्याच्या दोन्ही टोकांच्या कड्या पार खोगिराच्या कडेला जाऊन भिडतात. मग लॅटिगो (तंगाची कडी खोगिराला बांधणारा डावीकडचा लांब चामडी पट्टा) ओढायला जागाच उरत नाही, आणि कितीही आवळलं तरी खोगीर कलंडतं. आखूड तंगाचा त्रास वेगळा. कडी कोपरामागच्या पातळ कातडीवर येते आणि पहिल्याच फेरीत केस उडतात.

तुम्ही दुकानातला तंग काढण्याआधी घोडीवर गादी आणि खोगीर चढवायला लावलं. दोन्ही बाजूंना, गादीची खालची कड आणि कोपर यांच्या मधोमध, खडूनं खूण केली आणि पोटाखालून टेप नेला. भरले २८ इंच. तंगाचं मापही तुम्ही या कडीच्या बाहेरच्या टोकापासून त्या कडीच्या बाहेरच्या टोकापर्यंत घेतलं. नुसती दोऱ्यांची लांबी मोजली की इथेच फसगत होते.

चामड्याचं काम करणारे तुम्ही, पण चामड्याचा तंग गळ्यात मारला नाही, याचं फार मोल वाटतं. दोऱ्यांचा मोहेरचा तंगच घ्या म्हणालात. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीचे केस (अंगोरा सशाची लोकर निराळी). ते मऊ असतात, घाम शोषतात, आणि दोऱ्यांमधून हवा खेळते. निओप्रीन (रबरासारखं कृत्रिम अस्तर) पुसलं की स्वच्छ होतं हे खरं, पण वैशाखात पारा ४५ वर गेला की त्याखाली घाम कोंडतो आणि कातडी सोलवटते. लोकरीचं अस्तर आपल्या पडीक रानात नकोच. तुम्ही त्या जुन्या तंगाच्या लोकरीवरून हात उलटा फिरवला आणि आतून कुसळ उपसून तळहातावर ठेवलं, तेव्हा घोडी तंग पाहताच कान मागे का टाकते ते कळलं. कुसळ वरून दिसत नाही, चाचपावंच लागतं. मोहेरलाही घामाचं मीठ चढलं की दोरे काठीसारखे ताठ होतात. साध्या पाण्यात धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. कडीमागे मऊ चामड्याचा तुकडा तुम्ही न मागता शिवून दिला. आता धातू अंगाला लागत नाही.

बांधण्याबद्दल तुम्ही बजावलेलं इथे मुद्दाम लिहितो. तंग कोपरामागे चार बोटं, तंगाच्या मधली डी-कडी (इंग्रजी D च्या आकाराची) बरोबर छातीच्या मध्यावर. एका दमात आवळायचा नाही. घोडी पोट फुगवते. थोडा आवळून दहा पावलं चालवायची, पुन्हा एक भोक, आणि चढण्याआधी शेवटचं. पुढचे पाय एकेक करून पुढे ओढले की कातडीची घडी निघते. बोटं घालून बघायची ती बाजूला नाही, छातीच्या हाडाखाली. कोपरामागे खळगा असतो, तिथे घट्ट तंगातही बोटं जातात आणि सैल असल्याचा भास होतो. छातीखाली दोन बोटं सपाट सरकली की पुरे.

मागचा तंग असेल तर तो बांधायचा शेवटी आणि सोडायचा आधी, हे तर दारावर लिहून ठेवण्यासारखं. पुढचा आधी सोडला आणि घोडी बिचकली, तर खोगीर फिरून पोटाखाली लोंबतं. मग ती लाथा झाडत उधळते, आणि माणूस-जनावर दोघांच्याही जिवावर बेततं. दोन्ही तंगांना जोडणारी मधली पट्टीही हवीच, नाहीतर मागचा सरकत जांघेकडे जातो.

आणि तो उजवीकडचा बिलेट, म्हणजे त्या बाजूनं तंग खोगिराला धरणारा भोकांचा चामडी पट्टा! रोज डावीकडचा लॅटिगोच सुटतो-बांधला जातो, त्यामुळे उजवीकडे कोणाचं लक्षच जात नाही. तुम्ही तो कडीतून काढून उलटा वाकवला, तर घडीवर बारीक चिरा, आणि काट्याचं भोक ओढून लांबट झालेलं. तेवढ्यावरच स्वार खाली आला असता.

तो आता वापरातून काढला आहे. पोळा आणि तान्हा पोळा उरकला की खोगीर घेऊन येतो. नवा बिलेट दुपदरी चामड्याचाच करा, आणि लॅटिगोची कडीवरची घडीही एकदा तुमच्या हातानं तपासून द्या.

आपले ऋणी,
घोडी राखणारे आम्ही सगळे