आई-बाबा, अजून एकदा मोनोरेलने जाऊया

प्रिय आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी परत तेच सांगितलंत की आता एवढ्या लांबचा प्रवास नको, अमेरिका बघून झालीय, आता तूच ये. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, तुमच्या नातवाचा क्लास होता आणि मागे कुकर ओरडत होता, म्हणून आज बसून सविस्तर लिहितेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

परवा आम्ही ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला गेलो होतो. पार्कमध्ये नाही, नुसतंच. गाडी त्या मोठ्या पार्किंगला लावली, ट्रान्सपोर्टेशन सेंटरच्या रॅम्पवरून वर चढलो आणि मोनोरेलमध्ये बसून आलो. पार्किंगचे काय ते पैसे, बाकी मोनोरेलला तिकीटच नाही, हे आईच्या तेव्हापासून लक्षात आहे आणि तिला ते फार आवडलं होतं. नातवाला म्हटलं, तुझे आजी-आजोबा 2008 च्या डिसेंबरात आले होते ना, तेव्हा अख्ख्या डिस्ने वर्ल्डमध्ये आजोबांना सगळ्यात काय आवडलं असेल सांग. तो म्हणाला किल्ला. मग मी त्याला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच इतकं आठवत गेलं की घरी येऊन रात्री झोप लागेना.

बाबा, तुम्ही प्लॅटफॉर्मवर पाय ठेवल्या ठेवल्या गाडीकडे न बघता खाली वाकून बघत होतात, चाकं कुठेत म्हणून. लोक किल्ल्याचे फोटो काढतायत आणि रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला माणूस गाडीखाली काय आहे ते शोधतोय. मग तुम्हीच मला समजावलंत की ही घोड्यावर मांड टाकावी तशी त्या काँक्रीटच्या बीमवर बसलीय, वजन पेलणारे रबरी टायर वर आणि बाजूने धरून ठेवणारे छोटे टायर दोन्ही अंगांना, म्हणून रुळावरून घसरायचा प्रश्नच नाही. तो बीम वर जेमतेम 26 इंच रुंद आहे. तुम्ही तिथेच दोन हात पसरून मला दाखवलंत, एवढाच, बघ, आणि त्यावरून सहा डबे जातात. जावई मात्र तोपर्यंत कॅमेऱ्याची बॅटरी शोधत होते.

पहिली चक्कर आपण एक्सप्रेसने मारली, ती सुटली की थोड्या वेळाने थेट हॉटेलच्या पोटात शिरते. आई, तू माझा हात घट्ट धरलास, मला वाटलं घाबरली, पण तू खिडकीला नाक लावून खाली टेबलांवर बसलेली माणसं बघत होतीस. अगं लोक जेवतायत आणि डोक्यावरून गाडी चाललीय, असं तू तीनदा तरी म्हणालीस. त्या काँटेम्पररी हॉटेलमध्ये मधोमध टाइल्सचं ते प्रचंड चित्र आहे ना, 90 फूट उंच, मेरी ब्लेअर नावाच्या चित्रकार बाईंनी केलेलं, त्यात पाच पायांची एक बकरी आहे. मी तुला ते सांगायला नको होतं असं हे म्हणतात, कारण मग तू ती बकरी दिसेपर्यंत आपल्याला खाली उतरू दिलं नाहीस :) दिसली तेव्हा तू पाय मोजलेस आणि वर म्हणालीस, त्या बाईने पाचवा काढला म्हणजे काहीतरी विचार करूनच काढला असणार. मला अजून तुझं ते वाक्य आवडतं. परवा आम्ही पण शोधली, नातवाला आधी सापडली.

आता जे मला खरं सांगायचंय ते. लहानपणापासून मी तुम्हाला दोघांना रोज डोंबिवली स्टेशनवर सोबत जाताना बघितलं, पण जिना उतरला की आई लेडीज डब्याकडे आणि बाबा जनरलकडे. सगळ्यांच्याच घरात असंच होतं त्यामुळे त्यात काही वेगळं वाटायचं नाही. गावाला जातानासुद्धा बाबा सामानापाशी आणि आई आम्हा दोघांना घेऊन पलीकडच्या बाकावर. तुम्ही दोघं एका सीटवर शेजारी बसून, मांडीवर कुणाचं पोर नाही, पायाशी पिशव्या नाहीत, उतरायची घाई नाही, असे नुसते बाहेर बघत चाललाय हे मी पहिल्यांदा त्या मोनोरेलमध्ये बघितलं. खाली ते तळं, समोर किल्ला, बाबा आईला बोट करून काहीतरी दाखवतायत आणि आई मान डोलावतेय. मी समोर उभी होते. फोटो काढायचं मला सुचलं नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही, कारण मला ते कधीही डोळे मिटून दिसतं. तुम्ही मला इथे काय हवं नको विचारता ना नेहमी, मला हे हवंय, परत एकदा.

आणि त्या दुसऱ्या पार्कच्या, एपकॉटच्या लाइनवरची ती संध्याकाळ! तेव्हा विचारलं तर पुढे पायलटच्या केबिनमध्ये बसू द्यायचे. मी प्लॅटफॉर्मवरच्या मुलीला विचारलं आणि ती हो म्हणाली, तर बाबांचा विश्वासच बसेना. इतकी वर्षं गाड्या दुरुस्त करून बाहेर पाठवल्या पण चालत्या गाडीच्या पुढच्या काचेतून बाहेर बघायचा योग आला तो थेट फ्लोरिडात. तुम्ही पायलटला सांगितलंत, आय ॲम ऑल्सो रेल्वे मॅन, आणि त्या पोराने लगेच हात पुढे केला. मग तुमचं जे सुरू झालं! व्होल्टेज किती, तर 600 डीसी. तुम्ही अभिमानाने सांगितलंत आमच्या लोकलला 1500 डीसी आणि आता ते बदलून 25,000 एसी करतायत. खांब मोजत घड्याळाकडे बघत तुम्ही वेगाचा अंदाज केलात, ताशी साठ-पासष्ट किलोमीटर, आणि तो म्हणाला 40 मैल, म्हणजे अगदी बरोबर! आईने मागून माझ्या पाठीत थाप मारली, बघ म्हणाली, तुझे बाबा. मग जंगल संपलं आणि तो चंदेरी गोळा समोर आला, गाडी पार्कच्या आत शिरून त्याच्या बाजूने वळली, आणि तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

उतरताना त्याने दिलेलं को-पायलट लायसन्स तुमच्या पाकिटात अजून आहे, दादाने सांगितलं मला. आधार कार्डाच्या मागे ठेवलंय म्हणे. ते जपून ठेवा बाबा कारण तसं कार्ड आता कुणालाच मिळत नाही. 2009 च्या जुलैत रात्री दोन गाड्यांची टक्कर झाली आणि एक तरुण पायलट गेला, तेव्हापासून पुढे बसायचं बंद झालं. मी सांगितल्यावर तुम्ही पहिलं विचारलंत की आपल्याला भेटलेला तोच मुलगा नाही ना. तो नव्हता, पण तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत हे आईने नंतर सांगितलं.

परवा वाचताना काही गोष्टी कळल्या त्या खास बाबांसाठी. तिथले पहिले बीम फ्लोरिडात बनवलेले नाहीत, पार वॉशिंग्टन राज्यात टॅकोमाजवळ ओतले आणि रेल्वेने इकडे आणले, म्हणजे मोनोरेलचा रस्ता आगगाडीवर बसून आला. वजन कमी राहावं म्हणून आत थर्माकोलसारखं भरलंय. आणि वॉल्ट डिस्ने स्वतः तुमच्यासारखाच रेल्वेवेडा, लहानपणी गाडीत पेपर विकायचा, मोठेपणी घराच्या अंगणात छोटी वाफेची गाडी चालवायचा. कॅलिफोर्नियात त्याने 1959 लाच मोनोरेल चालू केली, जर्मनीत बघून आला होता ती. पण ही फ्लोरिडाची 1971 ला सुरू झाली आणि तो 1966 लाच गेला, त्याला हिच्यात बसायला मिळालंच नाही. हे वाचून मला का कोण जाणे फार लागलं.

2014 ला वडाळा-चेंबूर मोनो सुरू झाली तेव्हा तुम्ही गर्दीत जाऊन बसून आलात आणि तिथूनच मला फोन केलात, इकडे मध्यरात्र उलटून गेली होती, आणि तुम्ही म्हणालात, तीच पद्धत गं, बीमवरचीच, फक्त डबे चार. पुढे 2019 ला ती सातरस्त्यापर्यंत गेली तेव्हा आईला घेऊन गेलात, गुडघे दुखत असताना. आई, तू दारं बंद होताना ते स्पॅनिश म्हणालीस ना, पोर फावोर मान्तेन्गान्से, दारापासून लांब राहा म्हणून जे तू इथल्या मोनोरेलमध्ये ऐकून पाठ केलं होतंस? बाबांनी सांगितलं मला, शेजारची बाई बघत राहिली म्हणे. नातवालाही ते येतं आता, शाळेतल्या स्पॅनिशमुळे नाही, तुझ्यामुळे.

तर आता प्रवासाचं. डॉक्टर नाही म्हणालेले नाहीत, मी दादाला विचारून घेतलंय, ते एवढंच म्हणाले की मध्ये ब्रेक घ्या आणि पायात स्टॉकिंग्ज घाला. विमानतळावर दोन्हीकडे व्हीलचेअर सांगू. मोनोरेलला जिने चढायचे नाहीत, रॅम्प किंवा लिफ्ट आहे, आणि गाडीच्या दारात ते लोक छोटी फळी टाकून खुर्ची सरळ आत नेतात, परवा मी मुद्दाम उभं राहून बघितलं. आमच्या घरापासून गाडीने दोन-अडीच तास, मागे झोपून या. पार्कबिर्क काही करायचं नाही, तीन हॉटेलांवरून फिरणारी ती चक्कर मारायची, काँटेम्पररीत उतरून कॉफी घ्यायची, परत बसायचं. डिसेंबरात हवा छान असते, स्वेटर पुरतो.

व्हिसाचे फॉर्म दादा भरेल, पासपोर्ट तेवढे त्याच्याकडे द्या, आईचा कपाटात लॉकरच्या खालच्या कप्प्यात आहे. आणि बाबा, नातवाने प्रश्नांची यादी केलीय, त्यातला पहिला प्रश्न असा की मोनोरेलला ट्रॅक बदलायचा असेल तर एवढा जाड बीम हलवतात कसा. मला माहीत आहे पण मी त्याला सांगितलं नाही, तुम्ही सांगा. रविवारी सकाळी तुमच्या चहाच्या वेळेला फोन करते, तोपर्यंत ठरवून ठेवा.

तुमची,
ताई