प्रकल्पांतील संदर्भांनाही गुण असावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इतिहासाचे प्रकल्प तपासताना असे दिसते की, विद्यार्थी माहिती भरपूर गोळा करतात, पण संदर्भसूचीत ‘गुगल’ किंवा एखाद्या चॅटबॉटचे नाव लिहून मोकळे होतात. विश्वसनीय साधने वापरा, असे आपण त्यांना बजावतो. ती ओळखायची कशी, हे मात्र क्वचितच शिकवतो. त्यासाठी शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादाइतका उत्तम धडा दुसरा नाही.

उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके 1549, म्हणजे इ.स. 1627, हे जन्मवर्ष दीर्घकाळ रूढ होते. लोकमान्य टिळकांच्या प्रयत्नांतून उजेडात आलेली जेधे शकावली, म्हणजे जेधे देशमुखांच्या घरातील घटनांची तिथीवार टिपणे, 1916 मध्ये छापली गेली आणि तिच्यात फाल्गुन वद्य 3, शके 1551 (इ.स. 1630) ही तिथी निघाली. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात तीच तिथी आहे आणि जोधपूरला सापडलेल्या कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. देशमुखांच्या घरातील टिपणे, संस्कृत काव्य आणि राजस्थानातील पत्रिका या तिन्हींचे उगम वेगळे असल्यामुळे त्यांच्या एकमताला वजन आले. अखेर महाराष्ट्र शासनानेही 2001 मध्ये 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली.

याउलट दहा संकेतस्थळांवर एकच परिच्छेद, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसह आढळतो, तेव्हा ते दहा पुरावे नसून एकाच मजकुराच्या दहा नकला असतात, हे विद्यार्थ्यांना दाखवून द्यायला हवे. चॅटबॉट तर कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचे नाव पृष्ठक्रमांकासह देतो. म्हणून तो ग्रंथ प्रत्यक्ष उघडून पाहिल्याखेरीज तो संदर्भ वहीत येता कामा नये.

साधन समकालीन आहे एवढ्यानेही भागत नाही. परमानंद हे महाराजांच्या आश्रयाचे कवी होते, त्यामुळे तिथीसाठी त्यांची साक्ष मोलाची असली, तरी युद्धवर्णने वाचताना काव्यातील अतिशयोक्ती गृहीत धरावीच लागते. उलट, जन्मतिथीसाठी बाजूला ठेवलेली बखर तिच्या लेखनकाळातील लोक महाराजांकडे कसे पाहत होते, हे समजून घ्यायला फार उपयोगी पडते. कोणत्या प्रश्नासाठी कोणते साधन, हा विवेक मला साऱ्या साधनचिकित्सेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो विश्वसनीय संकेतस्थळांची तयार यादी हाती देऊन येत नाही.

सुरुवातीसाठी मराठी विश्वकोश आहेच. तो संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो आणि त्यातील नोंदींखाली लेखकाचे नाव व बहुधा संदर्भग्रंथही दिलेले असतात. त्या ग्रंथांपर्यंत विद्यार्थ्याला नेण्याचे काम शिक्षकाचे व ग्रंथपालाचे आहे. म्हणून शाळा-महाविद्यालयांनी प्रकल्पाच्या गुणांपैकी काही गुण केवळ संदर्भांसाठी राखून ठेवावेत आणि माहिती कोणी, केव्हा, कशाच्या आधारे लिहिली, याविषयी प्रत्येक संदर्भापुढे दोन ओळी विद्यार्थ्याकडून लिहून घ्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक, सातारा